संहितेत नसलेलं वाक्य

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात सगळ्यात उत्तम वठवलेली भूमिका दारुड्याची, आणि ती त्याने रंगमंचावर केलीच नाही. ती केली मेकअपच्या खोलीत, विंगेत आणि दौऱ्याच्या बसमध्ये. तब्बल सात महिने. बघणाऱ्या एकालाही शंका आली नाही. आणि हा माणूस असा की स्वतःच्या लग्नातसुद्धा सरबताचा पेला हातात धरून बसला होता.

मी त्याची प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेच्या अंधारात स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन, नट अडला की त्याला हळूच पुढचे शब्द पुरवणारा प्राणी. प्रेक्षकांना तो दिसत नाही आणि जाहिरातीत त्याचं नाव येत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. लहानपणी याच्या कविता मीच पाठ करून घ्यायचे. हा अडला की मी शब्द द्यायचे, आणि हा असा चेहरा करायचा की जणू शब्द त्यालाच सुचला. आता बावन्न वर्षांचा झाला तरी तेच चाललंय. सगळी कंपनी त्याला ‘भाऊ’ म्हणते आणि अहो-जाहो करते. त्याला अरे-तुरे करणारी त्या नाट्यगृहात मी एकटी.

तर गोष्ट त्याच्या पापणीपासून सुरू झाली. नवीन नाटकात तो एका निवृत्त न्यायाधीशाचं काम करत होता. दुसऱ्या अंकात या न्यायाधीशाचं एक लांबलचक भाषण आहे, सात मिनिटांचं. सगळं कुटुंब समोर बसलंय आणि म्हातारा कबूल करतोय की तीस वर्षांपूर्वी एका माणसाला आपण चुकीची शिक्षा दिली. नाटक उभं होतं ते त्या सात मिनिटांवर. विसाव्या प्रयोगाला मला दिसलं, की भाषणाच्या मध्यावर त्याची डावी पापणी खाली आली. पंचविसाव्याला शब्द नाकात गेले. तिसाव्याला तो थांबला.

मला वाटलं, विसरला. मी शब्द दिला. तो गप्प. पुन्हा दिला, जरा मोठ्याने. गप्प. तिसऱ्यांदा इतक्या जोरात दिला की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विंगेकडे मान वळवली. जावयाचं काम करणाऱ्या मुलाने काहीतरी जुळवून वेळ मारून नेली, पडदा पडला, आणि मेकअपच्या खोलीत गेल्यावर माझा भाऊ माझ्यावर असा ओरडला की विचारू नका. म्हणजे ओरडायला गेला. आवाज फुटेना. खुर्चीत मान मागे टाकून दहा मिनिटं पडून राहिला, मग म्हणाला,

“शब्द होते गं ताई. सगळे होते. तोंडच ऐकत नव्हतं.”

डॉक्टरीणबाईंनी त्याला मोठ्याने शंभरपर्यंत आकडे मोजायला लावले. चाळीसपर्यंत ठणठणीत. पन्नासला आवाज नाकात. साठ म्हणताना तोंडात कापूस कोंबल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, मान न हलवता छताकडे बघत राहा. मिनिटभरात दोन्ही पापण्या अर्ध्यावर आल्या. माझी भावजय माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मायस्थेनिया, असं नाव सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंच्या दारापर्यंत येतो, पण आत कुणी तो नीट घेत नाही. वापरावं तसा स्नायू थकतो आणि विश्रांती दिली की पुन्हा उभा राहतो. गोळी घेतली की अर्ध्या तासाने जोर येतो, तीन-चार तासांनी ओसरतो. आजार जाणार नाही, पण त्याच्याशी जुळवून घेता येईल.

“काम सोडा, असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण उष्णतेपासून जपा. आणि फार वेळ सलग बोलू नका.”

“डॉक्टर, मी नट आहे,” भाऊ म्हणाला. “मी गरम दिव्यांखाली उभा राहून सलग बोलतो. यालाच माझं काम म्हणतात.”

त्या हसल्या नाहीत. मीसुद्धा नाही. घरी येताना तो रिक्षात खिडकीबाहेर बघत होता आणि एक डोळा हाताने झाकून घेत होता, कारण त्याला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस दोनदा दिसत होता. “एवढे प्रेक्षक असते तर,” असं म्हणाला. मला रडू आवरेना, म्हणून मी त्याला दोन शिव्या हासडल्या.

कंपनीत सांगायचं की नाही, यावर घरात आठ दिवस वाद झाला. भावजय म्हणे सांगा, मी म्हणे सांगा. आणि मधेच नाटकाच्या मालकांनी त्याला बोलावून घेतलं. मालक म्हणजे आमचे निर्माते. वाईट माणूस नाही, पण सगळ्या जगाचा घोर आपल्याच डोक्यावर आहे अशा चेहऱ्याने वावरतात. दार लावून घेऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, घेता ते घ्या. मी काही बोलत नाही. फक्त प्रयोगानंतर घ्या.”

जड जीभ, मिटलेले डोळे, जिन्यात अडखळणारे पाय. कंपनीने आपल्यापुरता निष्कर्ष काढून टाकला होता. माझ्या भावाने खुलासा करायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“ताई, पिणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. म्हणतात, आज जरा जास्त झाली, उद्या ठीक होईल. आजाऱ्याला काय म्हणतील? उद्या हा ठीक होणार नाही, हे सगळ्यांना कळेल. मग फुलं घेऊन भेटायला येतील, आणि कामाला दुसऱ्याला घेतील.”

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून मला शपथ घातली. तुझ्या तोंडून शब्द बाहेर पडला, तर आपलं नातं संपलं. आता शपथ घालताना हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायचा असतो की दुसऱ्याच्या, हेसुद्धा त्याला धड माहीत नाही. पण मी शपथ घेतली.

त्या दिवसापासून तो रुमालावर रमचे दोन थेंब शिंपडून यायला लागला. बाटली आणायचं काम माझ्याकडे होतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई पिशवी घेऊन दारूच्या दुकानाच्या रांगेत उभी, आणि मागचा सद्गृहस्थ म्हणतो, “मावशी, तुम्ही पुढे व्हा.” माझी अब्रू त्या रांगेत गेली ती गेली.

नाटकाचं मात्र आम्ही जमवलं. घरी बसून मी संहितेतला एकेक संवाद तपासला. कुठे त्याला बसवता येईल, कुठे समोरच्याचं वाक्य आधी घेता येईल, कुठे नुसत्या मानेने भागेल. गोळी पडदा उघडण्याआधी बरोबर अर्धा तास. आणि एक खूण ठरली. जीभ जड व्हायला लागली की त्याने कानाच्या पाळीला हात लावायचा. मग मी त्याला नाही, त्याच्या समोरच्याला शब्द द्यायचे. समोरचा पुढचं वाक्य लवकर घेणार, आणि तेवढ्यात याच्या जिभेला दम मिळणार. अडलेल्याला शब्द देणं हे माझं काम. इथे मी न अडलेल्यांना शब्द देत होते, आणि त्यांना वाटत होतं की भाऊंची आज जास्त झालीय, चला, सावरून घेऊ.

हे सावरणं सगळ्यात जास्त मॅडमच्या वाट्याला यायचं. मॅडम म्हणजे न्यायाधीशाच्या बायकोचं काम करणारी आमची नटी. कामाला चोख, बोलायला तिखट. माझं स्टूल तिच्या जागेपासून चार हातांवर. माझा शब्द तिच्या कानात पडला की तिच्या तोंडून वाक्य बाहेर यायचं. मध्ये डोकं घालायचीच नाही. तिने माझ्या भावाला शंभर वेळा सावरलं असेल. पण प्रयोग संपला की ती त्याच्याकडे बघायची नाही. नमस्काराला सगळे हातात हात घालून उभे राहतात, तेव्हा ती त्याची फक्त बोटं धरायची.

एक दिवस ती मेकअपच्या खोलीत आली. टेबलावरचा त्याचा रुमाल उचलून नाकाशी नेला आणि खाली टाकला.

“माझे वडील प्यायचे,” ती म्हणाली. “आठ वर्षांची होते तेव्हापासून मी त्यांना रस्त्यावरून घरी आणलंय. एक हात माझ्या खांद्यावर, सगळं ओझं माझ्या अंगावर. मी ठरवलं होतं, मोठी झाले की हे परत करणार नाही. आणि तुम्ही रोज तेच करायला लावता, भाऊ. तेही शेकडो लोकांसमोर.”

माझा भाऊ आरशात बघत राहिला. मी त्याच्याकडे डोळे वटारले: सांग, आता तरी सांग. त्याने पावडरचा पफ उचलला.

“मी मालकांना सांगितलंय,” मॅडम म्हणाली. “एक तर भाऊ, नाहीतर मी. रविवारी ते पुढच्या रांगेत बसून बघणार आहेत. मग काय ते ठरवतील.”

ती गेल्यावर मी त्याला नको नको ते बोलले. म्हटलं, त्या बाईची जखम तू रोज उकरतोयस, तुझ्या एका भूमिकेसाठी. तो म्हणाला, “ताई, हे काम गेलं तर पुढचं मिळणार नाही. हे शेवटचं आहे. मला अजून थोडे दिवस नट राहू दे.” मी रुमाल धुवायला घेतला.

रविवारचा प्रयोग दुपारी चारचा. साडेतीनला गोळी घेतली. पावणेचारला नाट्यगृहाची वीज गेली. जनरेटर चालू होईना. मिस्त्री आला, टॉर्च तोंडात धरून वाकला, आणि मी घड्याळाकडे बघत बसले. पडदा उघडला पाच वाजून दहा मिनिटांनी. आता भाषण येणार साडेसहाच्या पुढे, म्हणजे गोळी ओसरता ओसरता. मध्यंतरात त्याने दुसरी गोळी घेतली, पण ती चढायला अर्धा तास लागणार. वातानुकूलन जनरेटरवर चालत नव्हतं. दिव्यांखाली भट्टी पेटली होती. पहिल्या रांगेत मालक वहीने वारा घेत बसले होते.

भाषण सुरू झालं. पहिली दोन मिनिटं तो इतका सुंदर बोलला की मी संहितेवर बोट ठेवायला विसरले. मग पापणी खाली आली. मग ‘शिक्षा’ हा शब्द ‘शिंशा’ असा आला. प्रेक्षकांत एकजण खोकला. त्याचा हात कानाकडे गेला.

मी मॅडमला तिचं वाक्य दिलं. तिने ऐकलं. तिच्या मानेवरून मला कळलं की ऐकलं. पण ती बोलली नाही.

पुन्हा दिलं. ती माझ्या भावाकडे बघत उभी होती, ओठ घट्ट मिटून. आज ती त्याला घरी आणणार नव्हती. पडू दे रस्त्यात, बघू दे सगळ्यांना. आणि तो तिच्यासमोर उभा होता, कानाला हात लावून, तोंड अर्धवट उघडं. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. जावई झालेल्या मुलाने घाबरून माझ्याकडे बघितलं.

माझं डोकं फिरलं. मला मालक दिसेनात, प्रेक्षक दिसेनात, शपथ आठवेना. आयुष्यभर मी त्या स्टुलावरून संहितेबाहेरचं अक्षर उच्चारलं नव्हतं. मी तिच्याकडे वाकून, प्रॉम्प्टरच्याच त्या दबक्या, ठसठशीत आवाजात म्हटलं,

“तो पीत नाही. आजारी आहे.”

आणि मॅडमने ते वाक्य म्हटलं.

मोठ्याने. स्वच्छ. शेवटच्या रांगेपर्यंत. “तो पीत नाही. आजारी आहे.”

नाट्यगृह चिडीचूप झालं. साठीच्या न्यायाधीशाची बायको, जी दीड तास ‘अहो’ आणि ‘हे’ करत होती, ती भर कुटुंबात नवऱ्याला ‘तो’ म्हणाली होती. पिण्याचा तर नाटकात कुठे उल्लेखच नव्हता. पण प्रेक्षक बिचारे भले असतात. त्यांना वाटलं, बाईच्या मनातलं तीस वर्षांचं काहीतरी बाहेर पडलं. मॅडमचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. आपण काय म्हणालो ते तिला म्हटल्यावर ऐकू आलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग तिने माझ्या भावाकडे बघितलं, त्या लोंबलेल्या पापणीकडे, हाताने सावरून धरलेल्या हनुवटीकडे. सात महिने रोज बघत होती, पण बघितलं त्या क्षणी.

ती पुढे गेली, त्याच्या काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवलं आणि प्रेक्षकांकडे वळली.

“यांना त्रास होतोय,” ती म्हणाली. “मी सांगते. तीस वर्षं यांच्याबरोबर राहतेय. यांच्या मनातलं मला पाठ आहे.”

आणि उरलेलं भाषण तिने म्हटलं. ‘मी’च्या जागी ‘यांनी’ घालत, एकही शब्द न चुकता. मला ओठ हलवावा लागला नाही. माझा भाऊ खुर्चीत बसून स्वतःचं भाषण ऐकत होता, आणि ऐकण्याचा अभिनय करत होता की नुसता ऐकत होता, ते मला आजही सांगता येणार नाही. चार मिनिटं तोंडाला विश्रांती मिळाली. गोळी चढली. शेवटचं वाक्य आलं तेव्हा ती थांबली, आणि ते त्याने म्हटलं, त्याच्या जुन्या आवाजात: “तो माणूस निर्दोष होता. मला माहीत होतं.”

टाळ्या थांबेनात. मी विंगेत पदराने तोंड दाबून रडले.

मेकअपच्या खोलीत तो खुर्चीत पाय पसरून पडला होता. मी आत गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, “शपथ मोडलीस.”

“मोडली. काय करायचं ते कर.”

तेवढ्यात मालक आले. आल्या आल्या म्हणाले, “भाऊंना ‘तो’ म्हणणारी इथे एकच बाई आहे. ताई, काय भानगड आहे?”

भावानेच सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, मोजलेले आकडे, रुमाल. मालक स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“भाऊ, दारू असती तर बरं झालं असतं हो,” ते म्हणाले. “दारू सोडवता आली असती. महिनाभर कुठे ठेवलं असतं, परत आणलं असतं. याला मी काय करू? पुढे तीन महिन्यांच्या तारखा लागल्यात. दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

माझ्या भावाने माझ्याकडे बघितलं. बघ, सांगत होतो ना. तेवढंच होतं त्या बघण्यात, राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचं शेवटचं काम मी माझ्या तोंडाने घालवलं होतं.

दारात मॅडम उभी होती. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच.

“ताई, मी ते वाक्य का म्हटलं माहितीय?” ती मला म्हणाली. “मला तुमचं एकही वाक्य घ्यायचं नव्हतं. ओठ मिटून उभी होते. पण ते माझ्या तोंडात तयारच होतं. लहानपणी कुणीही दारात आलं की मी तेच सांगायचे. बाबा पीत नाहीत. आजारी आहेत. शाळेतल्या बाईंना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना. शेकडो वेळा सांगितलं असेल.” तिने गालावरचा उरलेला रंग हातानेच पुसला. “आज पहिल्यांदा ते खरं निघालं.”

माझा भाऊ खुर्चीत सरळ बसला. “मॅडम, मी तुम्हाला फार छळलं,” तो म्हणाला. “माफ करा.”

“नंतर बघू,” ती म्हणाली, आणि मालकांकडे वळली. “परवा मी म्हटलं होतं, एक तर भाऊ, नाहीतर मी. आता मी सांगते, माझ्यासमोर दुसरा नट उभा केलात, तर मी नाही. भाषण आम्ही दोघं मिळून करू. आज केलं तसं. लोकांनी ऐकलं ना?”

मालकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग खिशातून पेन काढलं, वही उघडली आणि नेहमीच्या वैतागलेल्या आवाजात विचारलं, “प्रयोगाची वेळ यापुढे गोळीप्रमाणे लावू. कधी घ्यायची असते ती?”

माझ्या भावाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आवाज येईना. इतकं बोलून झालं होतं, संपला होता. मला उत्तर पाठ होतं. मी बोलणार तोच त्याने हात वर केला. मी ओठ मिटले. त्याने मान मागे टेकली, डोळे मिटले. मॅडम भिंतीला टेकून उभी राहिली. मालक वहीवर पेन टेकवून थांबले. बाहेर सेट उतरवण्याचा आवाज चालू होता. किती वेळ गेला कोण जाणे.

“अर्धा तास आधी,” तो म्हणाला, आणि मालकांनी ते लिहून घेतलं.